ठणक

आठ वाजता फोन लावायचा असतो.
दोन मिनिटं आधी लावला तर बंद,
एक मिनिट उशिरा लावला तर तुम्ही एकतिसाव्या.
मग बासरी. मग एक आवाज: तुम्ही अठ्ठाविसाव्या. मग बासरी.
नंबर लागला की विचारतात, नाव नोंदलंय का इथे?
नाही. विजेचं बिल घरमालकाच्या नावावर,
भाडं नुसत्या शब्दावर,
मी तेवढी माझ्या पायांवर,
रोज दहा तास, हॅडॉकच्या पट्ट्यापाशी.

श्रीवर्धनला मासळी मी डोळ्यांवरून ओळखायचे.
ग्रिम्स्बीत ती येते बिनडोक्याची.

पाय दुखायला लागला तो मंगळवार.
म्हटलं, थंडी असेल. म्हटलं, गमबूट.
शुक्रवारी लाइनवरची दानूता म्हणाली,
बुटांचं दुकान होतं ना, बंद पडलेलं,
तिथे दवाखाना आहे. फोन नको, काही नको,
नुसतं चालत आत जायचं.
जिला चालता येत नाही
तिने चालत जायचं!

काचेवर अजून जुन्या सेलची अक्षरं पुसट दिसतात.
खिडकीतल्या मुलीने नाव विचारलं, जन्मतारीख विचारली.
मी कागदांची पिशवी सोडायला लागले,
ती म्हणाली, राहू दे.

डॉक्टर नाहीतच तिथे.
हे कळलं तेव्हा मी खुर्चीतून अर्धी उठले होते, खोटं कशाला सांगू.
मी पाहिलेली नर्स डॉक्टरांच्या मागे
ट्रे धरून उभी असते.
इथे दारावरच्या पाटीवर तिचंच नाव:
बेव्हर्ली ड्रूरी. चष्मा दोरीला, बाह्या कोपरापर्यंत.

म्हणाली, दहापैकी किती दुखतंय?

दहापैकी?
अहो, कळ येते ती वेगळी,
चमक निघते ती वेगळी,
सणक जाते, रग लागते, गोळा येतो, भगभगतं,
आणि रात्री दोनला आतून कुणी दार ठोठावावं
तसं हे.
याला मार्क कसे द्यायचे?

म्हटलं, सात.
(दोन कमीच सांगितले. शिफ्ट होती.)
ती काही बोलली नाही. थांबली.
मग म्हणाली, तुमच्या भाषेत सांगा.
ठणक, म्हटलं. ठणकतंय.
तिने दोन बोटांनी टाइप केलं: थूनूक.

मग खणातून टेप काढली, शिंपिणीची असते तशी,
गुडघ्यावर बसली आणि पोटऱ्या मोजल्या.
डावी सदतीस. उजवी एक्केचाळीस.
पुन्हा मोजली. एक्केचाळीस.
आज कामावर जायचं नाही, म्हणाली.
मी म्हटलं, तासाचे पैसे कापतात.
ती तोवर टॅक्सीवाल्याशी बोलत होती.

हॉस्पिटलातला डॉक्टर कोवळा, ताडासारखा उंच.
चिठ्ठी वाचता वाचता अडला.
थूनूक? बरोबर?
म्हटलं, ण जरा जोरात.
त्याने तीनदा म्हणून पाहिलं,
मग पडदा माझ्याकडे वळवला:
करड्या पाण्यात एक काळी गाठ,
ही बघा, म्हणाला, ही तुमची.

आता सहा महिने गोळ्या.
दवाखान्याच्या दारावर नवा कागद आहे:
एक एप्रिलपासून कृपया सकाळी आठला फोन करावा.

पाय दाखवायला गेले तेव्हा
बेव्हर्लीने टेपचा खण उघडला.
खणाच्या आत एक कागद चिकटवलेला,
लिथुआनियन दुखणी, पोर्तुगीज दुखणी,
सगळी तिच्याच वेड्यावाकड्या स्पेलिंगात.
तळाशी माझी. पुढे लिहिलेलं: थांबवून ठेवू नये.
हा कागद कुठे नेणार, विचारायचं होतं.
ते राहिलं.

म्हटलं, कळ म्हणजे ठणक नव्हे हं,
कळ वेगळी.
बाहेर सात माणसं बसली होती.
तरी तिने पेनचं टोपण काढलं.